यादीवर तारीख टाका : निषिद्ध शब्द ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मजकुराला चाळणी लावणाऱ्या कंपन्यांचे भाषा-विभाग, उपशीर्षकं आणि शालेय साहित्य तपासणाऱ्या संस्था, तसंच शब्दकोशांच्या नव्या आवृत्त्यांतून 'अयोग्य' नोंदी गाळायला निघालेले संपादक यांस,

स. न. वि. वि.

मराठीत शिव्या वाढू द्या, असं सांगणारं हे पत्र नाही. शब्दांच्या नोंदी करणं, छापायच्या मजकुरावरून हात फिरवणं आणि पडद्याखालच्या ओळी लिहिणं हे आमचं काम आहे, त्यामुळे तुमच्या निषिद्ध शब्दांच्या यादीशी आमची रोजची गाठ. वाक्य अडतं. कारण म्हणून 'अयोग्य भाषा' एवढंच येतं. नेमका कोणता शब्द खटकला हे कळत नाही आणि दाद कुणाकडे मागायची तेही नाही. इतके दिवस ही कटकट मुकाट्याने सोसली. आता तीच यादी हातात घेऊन कोशांची साफसफाई करायचं घाटतं आहे, म्हणून चार लोकांसमोर बोलायची वेळ आली.

तुमच्या यादीमागची समजूत अशी दिसते, की विष शब्दातच असतं, ते सगळीकडे सारखं असतं आणि एकदा असलं की कायमचं असतं. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सगळ्यात आधी 'च्यायला'. हा शब्द तुमच्याकडे थेट आईवरून दिलेल्या शिव्यांच्या रांगेत बसवलेला असतो. त्याची घडण बघा. 'त्याच्या आयला', 'तिच्या आयला' अशी ती मूळची अर्धी धमकी. आधी पुढचं क्रियापद गळलं. मग 'त्या' आणि 'ति' गळले, म्हणजे कोणाची आई तेच उरलं नाही. राहिला नुसता 'च्या' हा प्रत्यय, त्याला चिकटलेली आई आणि तिच्यामागचा 'ला', ज्याला आता वाक्यात काहीच काम नाही. 'च्यायला, बस चुकली' यात कोणाच्या आईचा संबंध आहे? बसच्या? बोलणारा स्वतःवर चिडलाय, समोर कोणीही नाही.

शिवी उद्गारवाचक झाली की नाही हे तपासायला व्याकरणच पुरतं. ती कोणाला उद्देशून आहे का? तिला कर्ता, कर्म, क्रियापद लागतं का? समोरच्याप्रमाणे तिचं लिंग आणि वचन बदलतं का? 'साला' या शब्दावर तिसरी कसोटी लावून बघा. मूळ संस्कृत 'श्याल', म्हणजे बायकोचा भाऊ. शिवी म्हणून त्यातली खोच उघड आहे: तुझ्या बहिणीशी माझे संबंध आहेत. 'तो साला आलाच नाही' यात अजून माणूस आहे. पण 'सालं, हे कुलूप उघडतच नाही' इथे शब्द नपुंसकलिंगी झाला. नपुंसकलिंगी मेहुणा जगात कुठेच नसतो. ज्या क्षणी 'साला'चं 'सालं' झालं त्या क्षणी नातं संपलं, बहीण संपली, उरला फक्त वैताग. तुमच्या यादीत 'साला', 'साली' आणि 'सालं' एकाच ओळीत आहेत. त्यात 'साली' म्हणजे बायकोची बहीण, आणि 'सन अमुक साली' हेसुद्धा आलं. इतिहासाचं पुस्तक तपासताना काय गंमत होत असेल ते तुम्हीच जाणे.

'आईच्या गावात' हा आणखी एक नमुना. तोंड शिवीच्या वाटेने निघतं आणि ऐनवेळी गावाकडे वळतं. ऐकणाऱ्याला मूळ वाट ठाऊक असते म्हणून मजा येते, पण शिवी दिली असं कोणालाच वाटत नाही. अशी मऊ केलेली रूपं प्रत्येक भाषेत असतात, आणि शिवीची धार बोथट व्हायला लागली याची ती बरीच खात्रीची खूण असते.

धार जाते कशाने? नुसती वापरून वापरून झिजते, हे अर्धंच उत्तर आहे. शिवी ज्या भीतीवर उभी असते ती भीती ओसरली की शिवीही ओसरते. डच भाषेत शिव्या रोगांवरून देतात. पटकीवरून आलेला 'क्लेरे', देवीवरून आलेला 'पोके' आज तिथे किरकोळ चिडचिडीचे शब्द आहेत, पण कर्करोगावरची शिवी मात्र अजून अंगावर काटा आणते. कारण पटकी आणि देवी तिथल्या घरांतून गेल्या, कर्करोग गेलेला नाही. आपल्याकडचं 'मेल्या' आणि 'मुडद्या' याच वाटेने आले. शाप म्हणून जन्मलेला 'मेला' पुढे इतका निरुपद्रवी झाला, की 'मेला पाऊस', 'मेली आठवणच राहत नाही' असं तो कशालाही चिकटतो.

इथे एक गोष्ट आमच्याच बाजूच्या लोकांनाही ऐकवली पाहिजे. 'च्यायला'ची धार गेली असं आम्ही म्हणतो ते व्याकरण आणि वापर बघून. पण मराठीतल्या बहुतेक शिव्या आई, बहीण आणि बाईच्या चारित्र्यावरूनच जातात, आणि बोचणी उरली की नाही हे शिवी देणाऱ्याने ठरवायचं नसतं. म्हणून ही सगळी रूपं यादीतून काढून टाका अशी आमची मागणी नाही. थेट समोरच्याला हाणलेली शिवी आणि हवेत सोडलेला उद्गार यांना एका मापाने मोजू नका, एवढंच म्हणणं आहे.

दुसरी तक्रार प्रदेशाची. मालवणी बोलणाऱ्यांत 'रांडेच्या' लाडाने येतो, कौतुकाने येतो, वाक्याच्या सुरुवातीला नुसता श्वास घेतल्यासारखाही येतो. तोच शब्द घाटावर भर बाजारात उच्चारला तर हातघाईवर प्रकरण जाईल. नागपूरकडचं 'काय बे' दोस्तीचं, पुण्यात ते उर्मट. हे काही नवं संशोधन नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघाले, त्यात शब्दापुढे प्रदेशाच्या खुणा असत: व. म्हणजे वऱ्हाडी, गो. म्हणजे गोव्याकडचा. खिळे जुळवून छपाई होत होती तेव्हा जे जमलं, ते तुमच्या संगणकावरच्या यादीत का नसावं?

तिसरी तक्रार उलट्या प्रवासाची, आणि कोशसंपादकांनी ती नीट वाचावी. शब्द नुसते बोथट होत नाहीत, साधे शब्द धारदारही होतात. 'देवानांप्रिय' ही सम्राट अशोकाची पदवी. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदी या संस्कृत व्याकरणग्रंथापर्यंत येताना तिचा अर्थ 'मूर्ख' झालेला आहे. अशोकाच्याच शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं तो सांगतो. आजचा 'पाखंडी' तुम्हाला माहीत आहे. 'रांड' या शब्दाचा मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातला अर्थ आधी 'विधवा' असा आहे, शिवी नंतर. 'रांडव' आणि 'रंडकी' हे विधवेसाठीचे शब्दही त्याच घरचे. नवरा मेलेल्या बाईचं वर्णन करणारा शब्दच बदफैलीपणाचा शिक्का कसा झाला, यात त्या समाजाने विधवेकडे कोणत्या नजरेने पाहिलं याचा आख्खा पुरावा आहे. ती नोंद कोशातून काढलीत तर शिवी कमी होणार नाही, पुरावा तेवढा नाहीसा होईल. जुन्या कागदपत्रांत तो शब्द वाचणाऱ्या विद्यार्थ्याला मग कोणी काय सांगायचं?

सभ्य शब्द आणून जुना शब्द हटवण्याचा उपाय तुम्हाला फार आवडतो, त्याचाही हिशोब मांडू. आपल्याकडे १९१२ चा कायदा 'लुनसी ॲक्ट', म्हणजे वेडेपणाचा कायदा होता. १९८७ मध्ये त्याच्या जागी मानसिक आरोग्याचा कायदा आला, २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवेचा. कायद्याच्या पानावर हे बदल योग्यच होते. पण रस्त्यावर काय झालं? 'वेडा' हळूहळू इतका सैल झाला की 'क्रिकेटवेडा' ही कौतुकाची गोष्ट ठरली, आणि टोमण्याचं काम 'मेंटल' या शब्दाने उचललं. अमेरिकेत हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१० मध्ये 'मोरॉन' हा शब्द मुद्दाम घडवला, मानसिक वय साधारण ८ ते १२ असलेल्यांच्या वर्गीकरणासाठी. तो शास्त्रातून केव्हाच बाद झाला, भांडणात मात्र टिकून आहे. आपला 'मतिमंद' असाच तज्ज्ञांच्या तोंडचा सभ्य शब्द होता. तो शाळेच्या मैदानात शिवी झाला तेव्हा 'विशेष मुलं' आली, आणि आता 'तू काय स्पेशल आहेस का?' हेही हिणवणं झालं आहे. 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आला, तर ज्यांच्यासाठी आणला त्यांच्यातल्याच अनेकांनी हरकत घेतली: आमच्यात दैवी काही नाही, आम्हाला रॅम्प द्या. दृष्टिकोन तसाच राहिला की नवा शब्द जुन्याचा मळ उचलतो. तेव्हा तुमची यादी दर काही वर्षांनी शिळी होणारच, तिच्यावर तारीख असलीच पाहिजे.

आता तांत्रिक भाग. इथे मतभेदाला जागा नाही, ही सरळ चूक आहे.

निषिद्ध शब्द स्वतंत्र शब्द म्हणून आला आहे की दुसऱ्या शब्दाच्या पोटात, हे ओळखायला शब्दसीमेची एक खूण वापरतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत मिळणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याच्या नेहमीच्या साधनात ही खूण काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची हलन्त खूण यांना अक्षर मानत नाही. म्हणजे शब्दाच्या मध्यभागी तिला सीमा दिसते. परिणाम? 'इंग्लंड' अडतं, 'पोलंड' अडतं, 'न्यूझीलंड' अडतं, कारण 'ल'च्या आधी हलन्त किंवा मात्रा आहे. 'थायलंड' आणि 'फिनलंड' सुखरूप जातात, कारण तिथे 'ल'च्या आधी पूर्ण अक्षर आहे. त्यातही 'इंग्लंड जिंकलं' अडतं आणि 'इंग्लंडने जिंकलं' सुटतं. कोणता तुकडा यंत्राला खटकला हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. आणि याच कारणाने खऱ्या शिवीच्या शेवटच्या पूर्ण अक्षराला 'ने', 'ला', 'च्या' थेट लागले की तीही सुटते.

जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत उलटं होतं. तिथली सीमेची खूण देवनागरी अक्षरं ओळखतच नाही, त्यामुळे नुसत्या देवनागरी मजकुरात ती जुळतच नाही आणि सगळंच सुटतं. मग कोणीतरी वैतागून सीमेची अटच काढून टाकतो, आणि 'व्हरांडा', 'गांडूळखत', 'झवेरी', अर्जुनाचं 'गांडीव' हे सगळे गुन्हेगार ठरतात. गायत्री मंत्रातलं 'प्रचोदयात्' सुद्धा.

दुरुस्ती अवघड नाही. सीमा ठरवताना शब्दाच्या अलीकडे-पलीकडे देवनागरीची कोणतीही खूण नाही, अशी अट स्वतः लिहायची. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला देवनागरीचा पट्टा ०९०० पासून सुरू होतो. त्यातले ०९६४ आणि ०९६५ हे दंड मात्र वगळायचे, नाहीतर ओव्या-अभंगांत ओळीच्या शेवटचे शब्द निसटतील. त्याआधी मजकुराचं प्रमाणीकरण करायचं, कारण 'ऱ' एकाच संकेताने लिहिता येतो आणि 'र'खाली नुक्ता, म्हणजे टिंब देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. अक्षरं जोडायला-तोडायला वापरतात त्या अदृश्य खुणाही काढायच्या. शेवटी सामान्यरूपं: 'नालायक' एवढंच लिहून भागत नाही, 'नालायका', 'नालायकांनो', 'नालायकपणा' ही पिलावळ धरायची आणि प्रत्येकीचा वापर वेगळा बघायचा. 'नालायका, जेवलास का?' हे आईचं वाक्य आहे. चौकशीच्या नोटिशीतला 'नालायक' अब्रूवर जातो.

इतकं केल्यावरही 'छक्का' उरेलच. तो क्रिकेटच्या बातमीत षटकार आहे आणि रस्त्यावर तृतीयपंथी व्यक्तीच्या तोंडावर फेकलेला दगड आहे. अक्षरं तीच, सीमाही तीच. इथे यादीचं काम संपतं, माणसाने वाक्य वाचावं लागतं.

सगळ्यात मोठी तक्रार आता. निरुपद्रवी उद्गार अडवताना तुमची चाळणी खरं विष खुशाल जाऊ देते. 'सरकारी जावई' हे दोन शब्द घ्या. सरकार हा शब्द स्वच्छ, जावई तर मानाचा. पण आरक्षणातून शिकलेल्या मुलाला वर्गात, नोकरीच्या ठिकाणी हे ऐकवतात तेव्हा त्यात जातीची पुरी शिवी असते, आणि ती देणाऱ्याला 'मी कुठे काय वाईट बोललो' म्हणायची सोयही असते. 'कोट्यातला' तसाच. तुमच्या यंत्राला यात एकही खटकणारा शब्द सापडत नाही.

न्यायालयाला हे केव्हाच उमगलं. स्वर्ण सिंग खटल्याच्या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जातीचं नाव अपमान करायला वापरलं का हे ठरवताना त्या शब्दाची व्युत्पत्ती बघायची नाही, तो आज लोकव्यवहारात कसा वापरला जातो ते बघायचं. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यातही नुसता शब्द गुन्हा ठरत नाही, कोणी, कोणाला आणि लोकांसमोर म्हटलं का हे पाहिलं जातं. जातीची नावं सरसकट अडवून तुम्ही अन्यायाची हकिगत सांगणाऱ्यालाच गप्प करता. 'मला अमुक म्हणून हाक मारली' हे तक्रारदाराने लिहायचं कसं?

शब्द कोण निवडतं यालाही वजन असतं. 'हरिजन' हा शब्द गांधीजींनी सद्भावनेने रुजवला, १९३३ मध्ये त्या नावाचं साप्ताहिक काढलं. डॉ. आंबेडकरांना तो मान्य नव्हता, आणि ज्यांना तो दिला गेला त्यांच्यातल्या बहुतेकांना आज तो अपमान वाटतो. उलट 'दलित' म्हणजे तुडवला गेलेला, हा शब्द १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर या संघटनेच्या तरुणांनी छातीवर मिरवला. पुढे २०१८ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना 'दलित' टाळण्याचा सल्ला दिला, तेव्हा विरोध त्याच समाजातून झाला. ब्रिटनमध्ये 'सफ्रजेट' हा १९०६ मध्ये 'डेली मेल'ने स्त्रियांच्या मताधिकार चळवळीला हिणवायला काढलेला शब्द. त्याच बायकांनी १९१२ मध्ये आपल्या वृत्तपत्राला ते नाव दिलं. मात्र अशा परत मिळवलेल्या शब्दाचा परवाना ज्याचा त्यालाच असतो. आतल्याने म्हटलं म्हणून बाहेरच्याने म्हणावं असं नाही, आणि बाहेरच्याला बंदी म्हणून आतल्याचंही तोंड बांधावं असंही नाही.

शब्दांच्या यादीने काय होतं हे बघायला संसद पुरे. 'गोडसे' हा शब्द असंसदीय म्हणून नोंदलेला होता. नाशिकचे तेव्हाचे खासदार हेमंत गोडसे यांनी विचारलं, की मग माझ्या आडनावाचं काय? २०१५ मध्ये लोकसभाध्यक्षांना यादी दुरुस्त करावी लागली. आणि जुलै २०२२ च्या असंसदीय शब्दांच्या पुस्तिकेवरून गदारोळ झाला तेव्हा अध्यक्षांचा खुलासा असा होता, की कोणत्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ बघून शब्द कामकाजातून वगळले जातात. संदर्भ बघायला तिथे निदान पीठासीन अधिकारी असतो. तुमच्याकडे कोण आहे?

आमच्या मागण्या अशा. यादी जाहीर करा आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कधी घातली, शेवटची कधी तपासली याची तारीख लिहा. दोन वर्षांत न तपासलेली नोंद आपोआप निलंबित व्हावी. प्रत्येक शब्दाला प्रदेश आणि वापराची खूण द्या: थेट संबोधन, उद्गार, अवतरण, शास्त्रीय किंवा ऐतिहासिक उल्लेख. उद्गार आणि अवतरणं अडवू नका, फार तर सूचना द्या. मजकूर अडवलात तर कोणत्या शब्दामुळे ते सांगा आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसाकडे दाद मागायची वाट ठेवा. जात, लिंग, अपंगत्व यांवरच्या शब्दांचा निर्णय त्या त्या समाजातल्या लोकांना सोबत बसवून आणि मानधन देऊन करा. 'सरकारी जावई'सारख्या शब्दजोड्या तेच लोक तुम्हाला दाखवतील. देवनागरीच्या शब्दसीमेची चूक मात्र याच आठवड्यात दुरुस्त करा, तिला समिती लागत नाही.

आणि कोशसंपादकांनो, एकही नोंद गाळू नका. 'अपमानकारक', 'जुना वापर', 'आता सौम्य', 'संबंधितांना अमान्य' असे शेरे लिहायला जागा लागते, ती करा. छापील पानं वाढतात ही अडचण असेल तर तसं उघड सांगा, कोणत्या नोंदी आखडता येतील ते आम्ही सोबत बसून काढून देऊ.

कळावे,
मराठी कोशकाम, संपादन आणि उपशीर्षकांचं काम करणारे काही जण